सात महिन्यांची रजा

वसुधा गेली त्याला आता सहा आठवडे झाले. निरोप आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, सकाळची साडेदहाची वेळ, काउंटरपुढे रांग. फोनवर तिच्या मुलीचा, रेणूचा मेसेज होता. "आई गेली. तू ये. बाकी कुणाला आणू नको." खरं तर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला आली ती शंका. हॉस्पिसमध्ये वसुधा तीन आठवडे होती, आज-उद्याचंच होतं, त्यामुळे बातमीत अनपेक्षित असं काही नव्हतं. पण लेस्टरमध्ये वसुधाला ओळखणारी पन्नास तरी मराठी घरं असताना रेणूनं एकट्या मलाच का बोलवावं... रेणूनं मला आपणहून कधीच बोलावलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. गाडीत बसले तरी मी त्या तीन वाक्यांचाच कीस काढत होते. माझा स्वभावच तसा आहे, आणि हे सगळं लिहायचं कारणही तोच स्वभाव आहे.

फार्मसिस्टच्या कामात संशय हा गुण समजला जातो. डॉक्टरनं लिहिलेला डोस बरोबर आहे ना, पेशंट सांगतोय ते खरं आहे ना, हे आधी मनात आलं पाहिजे. वसुधाची आणि माझी ओळख अशाच एका शंकेवरून झाली. ती ऑर्थोपेडिक वॉर्डात सिस्टर होती, मिरजेला शिकलेली, मी नुकतीच नाशिकहून आलेली. तिच्या वॉर्डाच्या एका चार्टवर मी हरकत घेतली आणि फोन केला, तर पलीकडून इंग्रजीत बोलता बोलता ती एकदम मराठीत म्हणाली, "बाई, तुम्ही नावावरून आपल्यातल्या दिसता, आणि तुमची शंका बरोबर आहे. खाली येते, चहा पिऊ." तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. मी लग्न केलं, दोन मुलगे झाले. तिनं लग्न केलं नाही. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं घर होतं आणि माझ्या मुलांच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेल्या.

सुमारे वीस वर्षांपूर्वी वसुधानं अचानक सात महिन्यांची बिनपगारी रजा काढली. आई आजारी आहे, म्हणाली. मिरजेहून फोन यायचे तेही दोन-दोन मिनिटांचे. परत आली तेव्हा अंगानं सुटलेली होती, सावकाश चालायची, पेशंटला उचलायची कामं चार-पाच महिने दुसऱ्यांकडून करून घ्यायची. आईविषयी विचारलं तर, "आहे बरी," एवढंच. पुढच्या वर्षी आम्ही जवळच्या स्विमिंग पूलवर पोहायला जायला लागलो. कपडे बदलताना एकदा तिचा टॉवेल सरकला आणि ओटीपोटावरचा आडवा व्रण मला दिसला. माझ्या स्वतःच्या अंगावर तसाच व्रण आहे, दुसऱ्या मुलाच्या वेळचा. तिनं टॉवेल सारखा केला.  मी मनात नोंद केली. आणि दर वर्षी ती न चुकता सहा आठवडे मिरजेला जायची, परत येताना बॅगेतल्या फोटोंत तीच एक लहान मुलगी असायची, हेही मी टिपून ठेवत होते.

पाच-सहा वर्षांनी एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अलका, मी मुलगी दत्तक घेतेय. मिरजेची. आमच्या तिथल्या हॉस्पिटलात शांता म्हणून आया होती, तिची. शांता काविळीनं गेली. बाप केव्हाच सोडून गेलाय. म्हातारी आजी आहे, तिला दिसत नाही."

"किती वर्षांची?"

"साडेपाच."

मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले आणि हिशेब केला. हिशेब चोख जुळला.

इथं राहणाऱ्याला परदेशातलं मूल दत्तक घेऊन आणायचं तर तीन दारं ओलांडावी लागतात. पहिल्यांदा इथले सोशल वर्कर घर बघतात, माणूस बघतात, मूल सांभाळायला लायक आहे का ते ठरवतात. मग तिकडच्या कोर्टाचा हुकूम, आणि त्यानंतर मुलाचा व्हिसा, ज्यात आईनं स्पॉन्सर म्हणून आपली सगळी कुंडली मांडायची. वसुधानं रेफरन्ससाठी तिघांची नावं दिली. पहिलं माझं.

सोशल वर्कर बाई माझ्या घरी आल्या त्या दिवशी मी केक केला होता. बाई उंच, शांत, पेन झाकण लावून हातात धरायच्या आणि महत्त्वाचं काही वाटलं की झाकण काढायच्या. वसुधा तापट आहे का, मुलांशी कशी वागते, एकटी कशी निभावेल... मी सगळं चांगलंच सांगितलं आणि ते खरंही होतं. निघताना त्या म्हणाल्या, "आणखी काही, जे आम्हाला माहीत असायला हवं असं तुम्हाला वाटतं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत असणार. मला तो खास मला विचारल्यासारखा वाटला. मी म्हणाले, "ती एकदा सात महिने भारतात होती. मुलीच्या जन्माच्या सुमाराला. आणि तिच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण आहे. मी काही म्हणत नाही... पण तुम्ही तिलाच विचारलेलं बरं."

बाईंनी पेनाचं झाकण काढलं.

मी असं का बोलले याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. सरकारी कामात खोटं चालत नाही, उद्या उघडकीला आलं तर मुलीचेच हाल होतील, रेफरन्सच्या कागदावर मी सही केलेली आहे. यातलं एकही खोटं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. इतकी मोठी गोष्ट तिनं मला सांगितली नाही, याचा मला राग होता. पोटची मुलगी असूनही तिनं ती माझ्यापासून लपवली, असं मी धरून चालले होते, आणि बाईंच्या तोंडून तरी ते वदवून घ्यावं असं मला कुठंतरी वाटत होतं.

तीन आठवड्यांनी वसुधानं मला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गाठलं. समोर बसली, चहात साखर घातली आणि ढवळत राहिली.

"मला विचारलं त्यांनी, ती मुलगी तुझीच आहे का म्हणून."

"काय म्हणतेस..."

"मग सांगावंच लागलं. त्या सात महिन्यांत मला गर्भाशयाचा कॅन्सर होता, अलका. पिशवी काढली, मग रेडिएशन. मिरजेलाच करून घेतलं. मी फॉर्मवर लिहिलं नव्हतं. आधी कधी मोठा आजार झालाय का, तर नाही. आजारी बाईला कोण मूल देईल, असं वाटलं." मग म्हणाली, "मी होते त्या वॉर्डाची आया होती शांता. आठवा महिना सुरू होता तिचा, तरी मला उठवून बसवायची. रेणू जन्मली तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते. नाव मीच ठेवलं."

 मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू औषधांची माणूस. माझ्याकडे बघताना रोज मनात टक्केवारी मोजली असतीस. मला एक तरी माणूस साध्या नजरेनं बघणारं हवं होतं."

आणि मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकं वाक्य बोलले. मी विचारलं, "पण मुलगी तुझी आहे असं त्यांना सांगितलं कुणी असेल?"

वसुधानं चमचा बशीत ठेवला. "काय माहीत," म्हणाली, आणि चहा प्यायली.

त्यानंतर जे झालं ते फार लांबलं. मिरजेहून जुने रिपोर्ट मागवले गेले, इथल्या डॉक्टरांनी तिला नव्यानं तपासलं. मुलगी आपली नाही हे सिद्ध करायला तिनं आपणहून रक्त तपासून घेतलं. आपलं मूल आपलं नाही हे सिद्ध करायला धडपडणारी आई मी तेवढी एकच पाहिली. शेवटी घराच्या तपासणीचा निकाल तिच्या बाजूनं लागला, पण अहवालात एक ओळ राहून गेली की अर्जदारानं आधी माहिती दडवली होती. तिकडच्या कोर्टाचा हुकूम मिळाला आणि व्हिसाच्या अर्जाबरोबर तो अहवाल गेला. व्हिसा नाकारला. नकाराच्या पत्रात तीच ओळ पुढे करून म्हटलं होतं, की स्पॉन्सरच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही, आणि हे दत्तक मुलीला केवळ या देशात आणण्यासाठी घेतलं नसेल असं मानायला पुरेसा आधार नाही. ते पत्र वसुधानं मला वाचायला दिलं. मी वाचत असताना ती माझ्याकडे बघत होती की खिडकीबाहेर, हे मी मान वर करून पाहिलं नाही.

अपील केलं. तारीख लांबत गेली आणि त्या दरम्यान रेणूची आजी गेली. मुलीला सांगलीकडच्या एका होस्टेलात ठेवावं लागलं. वसुधा आठवड्यातून दोनदा फोन करायची. एकदा मी तिच्याकडे असताना तिनं स्पीकर लावला होता. पलीकडून अगदी सपाट आवाज आला, "येतो म्हणतीस आणि येत न्हाईस. आता मला सांगू नको. आलीस की कळंल मला."

सुनावणी बर्मिंगहॅमला होती. मी साक्षीदार म्हणून आपणहून गेले. ट्रेनमध्ये वसुधानं डब्यातल्या पोळ्या काढल्या आणि अर्धी पोळी मला दिली, नेहमीसारखी. मी तिच्या बाजूनं जे जे सांगता येईल ते सगळं सांगितलं. मग न्यायाधीशांनी तिला विचारलं, घर हवं असलेली मुलं या देशातही आहेत, मग हीच का? वकिलानं शिकवलेलं उत्तर वसुधा विसरली असावी. ती म्हणाली, "कारण हिला मी जन्माच्या आधीपासून ओळखते. दुसऱ्या कुणाला नाही ओळखत." न्यायाधीशांनी लिहून घेतलं. महिन्याभरानं निकाल आमच्या बाजूनं लागला.

हीथ्रोला त्यांना आणायला मीच गेले. रेणू आठ वर्षांची होत आली होती, पण दिसायला सहाची. हातात पासपोर्ट घट्ट धरलेला. गाडीत ती वसुधाच्या कानाशी लागून बोलली, पण मला ऐकू आलं. "ह्या बाईची सही लागती का?"

"नाही गं. ही अलकामावशी. घरातली."

"मग हिच्यापुढं चांगलं वागायला नको न्हवं?"

वसुधा हसली. मी आरशातून मागं पाहिलं तर ती पोरगी माझ्याकडेच बघत होती. होस्टेलातल्या अकरा महिन्यांत तिनं माणसं दोन प्रकारची असतात असं शिकून घेतलं होतं, सही करणारी आणि न करणारी. शाळेतली नवी शिक्षिका, दातांचा डॉक्टर, शेजारचे गुजराती काका, कुणी घरी आलं की ती आधी जिन्यावर बसून ऐकायची. बॅग दोन वर्षं भरलेली ठेवली होती. वसुधानं ती रिकामी करायचा आग्रह कधी धरला नाही. "तिला खात्री पटेल तेव्हा ती करेल," म्हणायची, "मी कशाला घाई करू." एका शनिवारी रेणूनं स्वतःच कपडे कपाटात लावले आणि बॅग माळ्यावर टाकली. त्या दिवशी वसुधानं मला फोन केला तो फक्त एवढंच सांगायला.

आणि मी... मी पुढची अकरा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. वसुधाला माहीत आहे की नाही? ती साधं काहीही बोलली तरी मी ते उलटंसुलटं करून पाहायची. रेणूच्या इथल्या पहिल्या वाढदिवसाला तिनं सगळ्यांसमोर म्हटलं, "अलका नसती तर आज हा दिवस असा नसता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'असा' म्हणजे कसा? मी रात्रभर... नाही, खरं सांगायचं तर आठवडाभर त्या एका शब्दावर अडकले होते. तिनं लोणचं पाठवलं तरी मला वाटायचं, माहीत असतं तर पाठवलं असतं का. आणि मग वाटायचं, माहीत आहे म्हणूनच पाठवलं असेल. बाकी तिचं माझ्याशी वागणं एका केसाचंही बदललं नव्हतं. न बदलण्याचीच मला भीती वाटायची.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तो गेल्या हिवाळ्यात. आधीच्या आजाराशी याचा संबंध नाही, डॉक्टर म्हणाले. रेणू तेव्हा एकोणीस वर्षांची झाली होती, एका इलेक्ट्रिकल कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली होती. कामाचे बूट घालूनच हॉस्पिसला यायची. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती कॉफी आणायला गेली आणि खोलीत आम्ही दोघीच राहिलो. मी खुर्ची पुढे ओढली. "वसू, मला तुला एक सांगायचंय. फार जुनं आहे."

तिनं डोळे उघडले. "पाणी दे आधी."

मी पाणी दिलं. दोन घोट घेतले तिनं, आणि म्हणाली, "तुझ्या धाकट्याचं लग्न ठरलं का?" मी लग्नाचं सांगत बसले. तेवढ्यात रेणू आली. वसुधानं मला मुद्दाम थांबवलं की तिला खरंच तहान लागली होती, हे मी त्या दिवशीही ठरवू शकले नाही. ती आमची शेवटची भेट.

ती गेली त्या दिवशी मी एकटीच गेले, पण तो दिवस कागदपत्रांत आणि फोनांत गेला, मला एकटीलाच का बोलावलं ते कळलं नाही. अंत्यसंस्कारानंतर दोन आठवड्यांनी रेणूनं पुन्हा बोलावलं. स्वयंपाकघरात तिनं चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि उभी राहूनच बोलली. तिचं मराठी अजून मिरजेचंच आहे, बायकांनीही 'मी होतो' म्हणायचं तसलं, मध्ये मध्ये लेस्टरचं इंग्रजी.

"मावशी, आईला माहीत होतं."

काय, असं विचारायचं धाडस मी केलं नाही. "कधीपासून?" म्हणाले.

"पहिल्यापासून. त्या सोशल वर्करनं तिला व्रणाचं विचारलं ना, तेव्हाच. आई म्हणायची, ह्या देशात माझं पोट एकाच बाईनं बघितलंय."

कपाला लावलेला हात मी काढून घेतला.

"मला पंधराव्या वर्षी सांगितलं तिनं. मी फाइल वाचत होतो, माझी. मी लई भांडलो. म्हटलं, तिला घरात घेऊ नको. आई म्हणाली, अलकानं जे बघितलं ते सांगितलं. खोटं मी लिहिलं होतं, तिनं नाही. And that was it. परत बोलायचं नाही म्हणाली. तुला पण सांगायचं नाही."

"मग आज का सांगितलंस?"

"आता ती नाही. आता ते माझं आहे." तिनं सिंकमधला एक चमचा उगाच धुतला. "आईचं बरोबर असेल. पण खोटं मी नव्हतं ना लिहिलं, मावशी. आणि होस्टेलात मी होतो."

मी म्हणाले, "हो."  माफी मागितली, ती तिनं ऐकून घेतली आणि मान हलवली, जशी एखाद्या कागदाची पोच देतात तशी. मी पर्स उचलली. मला वाटलं, एवढ्यासाठीच बोलावलं होतं, आता पुन्हा या घरात येणं नाही. दारापर्यंत पोचले तेव्हा ती म्हणाली, "वरची खोली आवरायची आहे. साड्या मला कळत नाहीत. कुठली काय, कुणाला द्यायची. रविवारी येशील?"

गेल्या रविवारी गेले. वसुधाच्या खोलीत मी तिच्या आजारपणातही फार गेले नव्हते, ती खाली दिवाणखान्यातच असायची. वॉर्डातल्या नर्सना एक सवय असते, ड्रेसिंग केलं की वर चिकटपट्टी लावून पेननं तारीख घालायची. वसुधानं ती सवय घरात आणली होती. कपाटाच्या प्रत्येक कप्प्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिचं ठसठशीत अक्षर. 'रोजच्या.' 'काठाच्या, ड्रायक्लीन.' 'आईच्या, नेसू नयेत.' खिडकीजवळच्या टेबलाला तीन ड्रॉवर. 'बिलं.' 'मोजे.' आणि सगळ्यात खालच्यावर, 'उघडू नये.'

मी पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. रेणू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तासभर ती तशीच होती. मी ही इरकल, ही नारायणपेठ, ही फाटलीय असं सांगत होते, ती 'हं' म्हणत होती आणि बघत होती, साड्यांकडे नव्हे, माझ्या हातांकडे. तिचं तसं बघणं मला लागलं नाही. त्या घरात माझ्याकडे कुणीतरी तशाच नजरेनं बघायला हवं होतं, आणि ते अकरा वर्षं कुणी केलं नव्हतं.

मग तिनं घड्याळ पाहिलं. "दूध संपलंय," म्हणाली. "मी जाऊन येतो. तू कर तुझं."

जिन्यावरून तिचे बूट खाली गेले. मी कान देऊन ऐकलं. खालीच थांबली असेल, वाटलं, अजमावत असेल. पण पुढचं दार उघडलं, लागलं, आणि खिडकीतून ती मला फुटपाथवरून दुकानाकडे वळताना दिसली. खोलीत मी, पलंगभर साड्या आणि तो खालचा ड्रॉवर. दुकान दहा मिनिटांवर आहे. तिला परत यायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्यात मी काठाच्या साड्या संपवून वसुधाच्या आईच्या साड्यांना हात घातला होता.

तो ड्रॉवर मी उघडला नाही. त्यात काय असेल याचा तर्क केला नाही, असं लिहिलं तर मात्र ते खोटं होईल.